स्लाईड क्रमांक नऊ

पंखा बंद करून मी समाजाबद्दल बोलते.
खिडकी लावून घेतलेली, कुकर उतरवलेला,
मोबाईल हळदीच्या डब्याला टेकून उभा.
"नमस्कार. आज आपण सामाजिक स्तरीकरण बघू या."

आठ मिनिटं बारा सेकंद.
एकेचाळीस वेळा पाहिलं गेलं, त्यातल्या तीन वेळा मीच.
मुलं दीडपट वेगानं ऐकतात मला.
त्यांच्या कानात मी एक चिरक्या आवाजाची, घाईतली बाई,
जात, वर्ग, लिंग साडेपाच मिनिटांत उरकणारी.

त्रिकोण आयता घेतला होता
कुठल्याशा विद्यापीठाच्या मोफत साहित्यातून.
पाच पट्टे. टोक सोनेरी, तळ करडा.
टोकाशी टायवाला माणूस,
तळाशी डोक्यावर घमेलं घेतलेली बाई.
मी शब्द तेवढे मराठी केले.
'वर्ग' लिहिताना फॉन्ट फुटला,
रफार निसटून शेजारच्या चौकोनात गेला,
त्याला ओढून आणण्यात रविवार संपला.
खाली स्वाध्याय टाकला:
आपलं घर या आकृतीत कुठे बसतं?
शब्दमर्यादा शंभर.

सदतीस जणांनी लिहिलं: मध्यम.
कात्रजच्या दोन खोल्या मध्यम, कोथरूडचा बंगला मध्यम,
फीमाफीचा अर्ज दोनदा भरलेला ऋत्विज बारटक्केसुद्धा मध्यम.
वरचे पट्टे रिकामे, खालचे रिकामे,
अख्खं पुणं मधल्या पट्टीत
अंग चोरून उभं.

अडतिसावं उत्तर अस्मिता गायसमुद्रेचं.
रात्री एक चाळीसला आलेलं,
वहीच्या पानाचा फोटो, कडेला अंगठा.

"मॅडम, आकृती उलटी आहे.
आम्ही पर्वतीच्या उतारावर राहतो, जनता वसाहतीत.
खाली रस्त्यालगत दुकानं, दुमजली घरं.
वर चढाल तसं भाडं उतरतं.
आमचं घर सगळ्यात वर.
तिथून सगळं शहर दिसतं, पण पाणी चढत नाही.
खालच्या गल्लीत दीड तास, मधल्या गल्लीत चाळीस मिनिटं,
आमच्यात पंधरा, तेही करंगळीएवढं.
तीन आठवडे लिहून ठेवलं. तक्ता मागच्या पानावर.
तुमचा व्हिडिओ रांगेतच बघितला, तिथे रेंज चांगली येते.
शंभरच्या वर शब्द गेले. सॉरी."

तक्ता पट्टीनं आखलेला.
गल्ली. घरं. हंडे. मिनिटं.
आणि शेवटचा रकाना: भांडण झालं का?
हा रकाना मला
बावीस वर्षांत एकाही पुस्तकात भेटला नव्हता.
एका मंगळवारासमोर लिहिलेलं:
हो. आई.

मी स्लाईड उघडली, त्रिकोण धरून फिरवला.
टायवाला टायला लटकला,
बाईचं घमेलं खाली,
ती मात्र तशीच, दोन्ही हात डोक्याशी.
अक्षरंही उलटी झाली.
सगळं पूर्ववत केलं.
मग पुन्हा फिरवलं. मग लॅपटॉप मिटला.

खिडकी उघडली.
दत्तवाडीतल्या माझ्या ओट्यापुढे ती टेकडी रोजच असते,
रात्री दिव्यांनी भरलेली.
मागच्या दिवाळीत तिचा फोटो
मी स्टेटसला ठेवला होता.
खाली लिहिलं होतं: किती सुंदर!
बदामांची रांग लागली होती.
त्यात अस्मिताचाही एक होता, आत्ता आठवलं.

विचारलं तिला, पाणी किती वाजता येतं? मी येईन बघायला.
उत्तर लगेच आलं. जागीच होती.

"साडेचारला. या.
पण मोकळ्या हातानं नका येऊ मॅडम,
लोकांना वाटतं महापालिकेची बाई आली,
मग सगळे एकदम बोलायला लागतात.
एखादा हंडा आणा.
नंबर मी लावून ठेवते."

घरात हंडा नाही.
फिल्टर आहे.
पहाटेचे तीन वाजले आहेत, आणि मी
माळ्यावर चढून
लग्नातली कळशी शोधते आहे.